दोषी कोण?

सेमिनरीत असताना हार्मोनियमच्या बिघडलेल्या रीड बदलण्याचे काम आमच्याकडे असे. एकदा घाईने आम्ही चांगलीच रीड उपटून टाकली. बिघडलेली मात्र जागेवर राहिली! विजेपासून सूर निर्माण करणारे जुने सिंथेसायझर कोणी उघडून बसले की आम्हांस ती फजिती हटकून आठवते.

अमेरिकेतील ‘प्रॉफेट-५’ घ्या. त्याच्या १९८० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पाच आवाज, आणि प्रत्येक आवाजाला स्वर उपजविणाऱ्या ‘सीईएम ३३४०’ या दोन चिप. एक आवाज बेसूर झाला, तर नवी चिप मागविण्यापूर्वी संशयित चिप आणि शेजारच्या आवाजातील तशीच चिप यांची अदलाबदल करून पाहावी. दोष तिच्याबरोबर गेला, तर ती दोषी. नाही तर ती बिचारी निरपराध, खोट अन्यत्र.

बदली चिप मिळते. लाटव्हियातील रीगा येथे बनणारी ‘एएस ३३४०’ त्याच सोळा पायांवर बसते. मूळ चिपही २०१६ साली पुन्हा निघाली. आधीच्या आवृत्त्यांतील ‘एसएसएम २०३०’च्या जागी मात्र ती चालत नाही, कारण पायांची मांडणीच निराळी. शिवाय नवी चिप बसली म्हणजे सूर लागला असे नव्हे. तो पुन्हा जुळवावाच लागतो. आणि काढलेली चिप चिठ्ठी लावून डबीत ठेवावी. आमची ती रीड केरातून शोधण्यात अख्खी दुपार गेली होती.