धुरळा, छकडी आणि घड्याळ

फॉर्म्युला वनचं वेड असलेले एक-दोन नग प्रत्येक ऑफिसात असतातच. रविवारी रात्री जागून रेस बघायची आणि सोमवारी कॉफी मशीनपाशी उभं राहून पिट स्टॉप किती सेकंदांत झाला यावर तावातावाने भांडायचं. या मंडळींना एकदा जानेवारीत नांदेडच्या गाडीत बसवून द्यायला हवं. तिथे इंजिन नाही, टायर बदलणं नाही, शॅम्पेन तर नाहीच नाही. आहे तो शेतात सपाट केलेला मातीचा सरळसोट ट्रॅक, दोन बैल, एक हलकीफुलकी छकडी, तिच्यावर तोल सांभाळणारा धुरकरी आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब ठेवणारं घड्याळ. या सगळ्याचं नाव शंकरपट.

बैलगाडा शर्यत म्हटलं की पुणेकरांना मंचर-चाकणकडचे घाट आठवतात. चढाची धाव, पुढे घोडी, भंडाऱ्याची उधळण. सातारा-सांगलीकडे प्रकार वेगळा. तिथे अनेक छकड्या एका रेषेत सुटतात आणि गट, सेमीफायनल, फायनल असं क्रिकेट वर्ल्ड कपसारखं प्रकरण चालतं. शंकरपट हा मुळात विदर्भाचा खेळ, पण जिल्ह्याची हद्द बैलांना कुठे कळते? विदर्भाला खेटलेल्या हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूर या नांदेडच्या पट्ट्यात आणि शेजारच्या हिंगोलीतही तो रुजलाय. भंडाऱ्याकडे दोन जोड्या शेजारी-शेजारी पळतात. इथे बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच जोडी धावते. म्हणजे शेजाऱ्याला मागे टाकायची भानगडच नाही. लढाई थेट घड्याळाशी. फॉर्म्युला वनवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दिवसभर चालणारं क्वालिफाइंग!

पहिल्यांदा जाणाऱ्याचा इथेच पोपट होतो. अर्धा तास लाउडस्पीकर गावातल्या मान्यवरांची नावं घेत राहतो, जोडी येते, बिथरते, मागे फिरते, पुन्हा येते. चार-पाच माणसं बैलांना धरून सरळ रेषेत आणायला झटत असतात. मग एकदम आरोळी, धुरळा, आणि तुम्ही मोबाइल बाहेर काढेपर्यंत जोडी पार! पडद्यावर किंवा माइकवर आकडा येतो आणि तुमच्याशेजारचा धोतरवाला आजोबा ‘छ्या!’ म्हणतो. त्याला काय दिसलं ते तुम्हाला दिसलेलं नसतं.

त्याला दिसलेलं असतं ते सरळपण. एक बैल दुसऱ्यापेक्षा जरासा जास्त तेज असला की छकडी तिरकी व्हायला लागते, आणि तिरकी छकडी म्हणजे वाया गेलेली वेळ. म्हणून नुसता वेगवान बैल असून भागत नाही, त्याला जोड मिळावा लागतो. डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण, यावर मालकांचं महिनोन् महिने डोकं चालतं. (लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवाल्यांनी इथे येऊन ट्रेनिंग घ्यावं.) तेव्हा पहिल्या दोन-तीन धावांत बैलांच्या पायांकडे बघूच नका. जू बघा. ते आडवं, स्थिर राहिलं तर आकडा चांगला येणार, हे माइकच्या आधी तुम्हाला कळेल.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे धुरकऱ्याचा हात. याच्यामागे बरीच कोर्टबाजी आहे. ७ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून त्या सुरू करायचा प्रयत्न केला, तर मुंबई हायकोर्टाने अडवलं. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ हा खेळ कायद्याने बंद होता. आठ-दहा वर्षं पळू शकणाऱ्या जनावराच्या हिशेबाने बघितलं तर बैलांची एक अख्खी पिढी तशीच गेली.

आता नियम असे आहेत की कलेक्टरची परवानगी हवी, धाव १,००० मीटरपेक्षा लांब नको, जनावरांचा डॉक्टर हजर हवा आणि काठी, चाबूक, विजेचा झटका देणारं यंत्र असलं काहीही चालणार नाही. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कागदावर चोख आहे सगळं. पण मैदानात पाच-दहा हजार माणसं आणि धुरळा असताना धुरकऱ्याच्या मुठीत काय आहे हे कोण बघणार? प्रेक्षकच. माझं मत विचाराल तर ज्या पटावर आवाज आणि लगामाच्या इशाऱ्यावर जोड्या सुटतात, तिथे दिवसभर थांबावं. आणि जिथे शेपटी पिरगाळलेली दिसते तिथून सरळ चालू लागावं, जाताना आयोजकांना कारण सांगून.

शर्यतवाले एक मुद्दा हमखास मांडतात. ट्रॅक्टर आल्यावर शेतात बैलाला काम उरलं नाही. शर्यत आहे म्हणून देशी बैल टिकलाय. मुद्दा पटतो, पण अर्धाच. कारण शर्यतीसाठी मागणी असते ती खिल्लारला. तो सडपातळ, चपळ, लांब शिंगांचा, माणदेश-सोलापूरकडचा. नांदेड-लातूरच्या घरच्या जाती दोन आणि दोन्ही वेगळ्या घडणीच्या. एक लाल कंधारी. नावाप्रमाणे कंधारचा, गडद तांबडा, ओढकामाला वाघ. दुसरा देवणी, लातूर जिल्ह्यातला, दुधाला आणि कामाला दोन्हीकडे चालणारा. त्याच्यात पुन्हा तीन प्रकार आहेत. अख्खा पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगावर काळ्या तोंडाचा तो वानेरा आणि काळ्या ठिपक्यांचा शेवरा. घड्याळाच्या खेळात या दोघांचा पाड खिल्लारपुढे लागणं कठीण. म्हणजे बंदी उठल्याचा आनंद इथल्या मातीला झाला, पण इथल्या मातीतल्या बैलांना त्यातून किती मिळालं, हा प्रश्न उरतोच. काही पटांवर फक्त गावातल्या जोड्यांसाठी वेगळा गट असतो. बक्षीस छोटं, टायमिंग यथातथा, पण सकाळी शेतात असलेली तांबडी जोडी दिसलीच तर तिथे दिसेल. मला तो गट सगळ्यात जास्त आवडतो.

लाल कंधारी आणि देवणी नीट बघायचे तर माळेगावला थांबा. नांदेड-लातूर रस्त्यावरचं, लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं गाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथे यात्रा सुरू होते आणि घोडे, उंट, गाढवं, गाई-बैल यांचा बाजार भरतो. पशुप्रदर्शन असतं, कुस्त्या असतात, लावणी असते. आणि प्लॅनिंगच्या दृष्टीने जॅकपॉट असा की दुसऱ्याच दिवशी, अमावास्येला, लातूर जिल्ह्यात येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. शहर रिकामं होतं, सगळे शेतात. कुणी ओळखीचं असेल तर भज्जी, बाजरीचे उंडे आणि गाडग्यातलं आंबील यांच्यापासून तुमची सुटका नाही. ओळख नसेल तर होते.

मुंबईहून रात्रीची देवगिरी पकडली की सकाळी नांदेड. परतीला रात्रीची गाडी लातूरहूनही मिळते. मधल्या रस्त्यासाठी गाडी करा. लातूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाव हे सगळं एकाच ३६१ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर ओवलेलं आहे. पटाच्या तारखा वेबसाइटवर शोधत बसू नका. हदगावच्या चौकातले फ्लेक्स वाचा किंवा चहावाल्याला विचारा. हंगाम साधारण संक्रांतीच्या मागे-पुढे.

मैदानावर ट्रॅकच्या शेवटाला उभं राहायचं नाही, कारण घड्याळ थांबतं तेव्हा बैल थांबलेले नसतात. रुमाल हवाच, धुरळा नाकातोंडात जातो. लाल टी-शर्ट बिनधास्त घाला, बैलाला लाल रंग धड ओळखू येत नाही. पण ड्रोन, फ्लॅश आणि शिट्ट्या टाळा, त्यांनी तो खरंच बिथरतो. आणि जोडीच्या मालकाशी गप्पा मारायच्या असतील तर किंमत विचारून सुरुवात करू नका. आधी बैलांची नावं विचारा. चहा आपोआप येतो.