पेशीची ओढ

डिशवर चिकटलेल्या पेशी सोडवणं हे आमच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यांत दुर्लक्षित काम. नवी मुलं ते उरकतात. मला मात्र ते बघत बसायला आवडतं. जुनं मीडियम काढायचं, कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या बफरनं नीट धुवायचं (उरलेलं सीरम ट्रिप्सिनलाच नामोहरम करतं), मग पेशींची पकड तोडणारं ट्रिप्सिन. ऐसपैस पसरलेल्या पेशी कडा आवरत गोल होतात, तेव्हा कळतं, की इतका वेळ त्या नुसत्या बसल्या नव्हत्या, खालची जमीन ओढत होत्या.

ओढणाऱ्या प्रथिनांची साखळी अशी: पेशीच्या पटलातून आरपार गेलेलं इंटिग्रिन बाहेर फायब्रोनेक्टिन किंवा कोलॅजन धरतं, आत त्याला टॅलिन जोडलेलं, टॅलिनला ॲक्टिनचे तंतू. मायोसिन ते तंतू खेचत राहतं. टॅलिनच्या दांड्यात तेरा घड्या असतात. त्यांतली सर्वांत कच्ची घडी साधारण 5 पिकोन्यूटन ताणाला उलगडते आणि आत दडलेल्या जागा उघड्या पडतात. तिथे व्हिन्क्युलिन येऊन बसतं, आणखी ॲक्टिन जोडतं, पकड भक्कम होते. कातळ चढणारा खोबणीत बोटं घालून आधी जोर लावून बघतो, तसंच हे. जमीन मऊ असली तर ती ओढीसरशी सरकते, ताण हळूहळू चढतो आणि घडी उलगडण्याआधीच हात सुटतो.

पेल्हम आणि वांग यांनी 1997 साली पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलवर पेशी वाढवून हा फरक दाखवला. 2006 साली एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतल्या मूळपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवल्या. त्यांना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या. कडक जेलवर त्याच पेशी हाडाच्या वाटेला लागल्या. मेंदूच्या ऊतीचा कडकपणा किलोपास्कलच्या आसपास, आमच्या प्लॅस्टिकच्या डिशचा गिगापास्कलमध्ये. दहा लाख पटींचा फरक! तरी बहुतेक प्रयोग त्या डिशवरच होतात, कारण ती स्वस्त आणि तयार मिळते. मला हे पटत नाही.

जेल मात्र हट्टी. ऑक्सिजन लागला, की वरचा थर नीट जमत नाही. म्हणून तो वरून काचेनं झाकावा लागतो. शिवाय कोऱ्या जेलला पेशी धरतच नाहीत. त्यावर कोलॅजन रसायनानं बांधावं लागतं, आणि मऊ व कडक जेलवर ते सारखं बसलंय ना, हे तपासल्याशिवाय मी कुणाचा आलेख बघत नाही.