पहिला दिवस साडेसत्तावीस तासांचा

मे २०२४ मध्ये आम्ही उभयता बारा दिवसांसाठी युरोपला जाऊन आलो. परत आल्यापासून अनेक विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळातील ज्येष्ठ मंडळी त्याविषयी विचारीत असतात. सगळ्या प्रवासाचे वर्णन करायचे म्हटले तर पत्रिकेचा अंक पुरणार नाही. म्हणून फक्त पहिल्या दिवसाविषयी लिहीत आहे. आमची खरी परीक्षा त्या एका दिवशीच होती. पुढचे दिवस मजेत गेले.

परीक्षा कशाची, तेही सांगतो. आपल्या शाळेतील बहुतेक मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी माध्यमातून शिकतात आणि इंग्रजी एक विषय म्हणून घेतात. माझे स्वतःचे शिक्षणही पदवीपर्यंत हिंदी माध्यमातूनच झाले. प्रवासाच्या काही दिवस आधी एक पालक मुलाचा दाखला न्यायला आले होते. त्याला इंग्रजी माध्यमात घालायचे होते. बोलता बोलता ते म्हणाले, "सर, राग मानू नका. पण या शिक्षणावर मूल इंदूरच्या बाहेर तोंड तरी उघडू शकेल का?" दाखला मी दिला, तो त्यांचा अधिकार आहे. प्रश्न मात्र मनात राहिला.

आमच्या मुलाचे म्हणणे होते की एखाद्या टूर कंपनीबरोबर जा, मराठी बोलणारा मार्गदर्शक असतो, जेवणही आपले मिळते. सल्ला वाईट नव्हता. पण त्या पालकांच्या प्रश्नानंतर आम्ही दोघांनी ठरवले की आपले आपणच जायचे. बोलायचे, विचारायचे, काय होईल ते पाहायचे.

तयारीचा बराचसा भार पत्नीने उचलला. तिने एक लहान वही केली आणि त्यात उपयोगी पडतील असे जर्मन शब्द देवनागरीत उतरवून घेतले. सामानाचे नियमही तिनेच वाचले. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यामुळे पेढे गेले, तूप गेले. दशम्या दुधात भिजवतात म्हणून त्याही गेल्या. उरल्या तिखट पुऱ्या, चिक्की, लसणाची चटणी आणि अर्थातच इंदूरची सेव. व्हिसासाठी बँकेचे कागद, परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हा व्हिसा 'शेंगेन' नावाने ओळखला जातो. शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे एक छोटेसे गाव. तेथे १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपसातील सीमांवरची तपासणी हटवण्याचा करार केला. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. एवढ्याशा गावाचे नाव जगभरच्या पासपोर्टांवर छापले जाते, याचे मला कौतुक वाटले.

इंदूरहून सायंकाळच्या विमानाने मुंबई आणि मुंबईहून मध्यरात्रीनंतर फ्रँकफर्ट, असा आमचा मार्ग होता. सुमारे साडेसहा हजार किलोमीटरचे अंतर विमानाने नऊ तासांत कापले. बाहेर उणे ५० अंशांच्या खाली तापमान आणि आत आम्ही चादर पांघरून बसलेलो! समोरच्या पडद्यावर नकाशा दिसत होता. पत्नीला झोप आली नाही. ती दर अर्ध्या तासाने मला हलवून सांगे, "अहो, तुर्कस्तान आलं बघा." भूगोलाच्या पुस्तकात इतकी वर्षे शिकवलेला काळा समुद्र खाली पसरलेला होता. अंधार असल्यामुळे दिसला काहीच नाही, तरी मी वाकून पाहिले.

येथे विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि मध्य युरोपची १५ अंश पूर्व रेखांशावरून. दोहोंत अंतर ६७.५ अंश, म्हणजे साडेचार तास. उन्हाळ्यात युरोपात घड्याळे एक तास पुढे करतात, त्यामुळे मे महिन्यात फरक साडेतीन तासांचा उरतो. आम्ही सकाळी सातला उतरलो तेव्हा इंदुरात साडेदहा झाले होते. मनगटावरचे घड्याळ मागे केले आणि आमचा तो दिवस चोवीसऐवजी साडेसत्तावीस तासांचा झाला.

उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची लांब रांग होती. खरे सांगायचे तर माझ्या तळहाताला घाम आला होता. शाळेत पाचशे मुलांसमोर बोलताना असे कधी होत नाही. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्ये जुळवीत होतो, कर्ता, क्रियापद, कर्म. आमची पाळी आली. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने विचारले, "हाउ मेनी डेज?" माझे वाक्य जुळायच्या आत पत्नी म्हणाली, "ट्वेल्व्ह डेज. देन होम." तो हसला. मग त्याला आणखी एक कागद हवा होता. तो 'फेरझिखरुंग' असे काहीतरी म्हणाला आणि थांबला. वर छताकडे पाहू लागला. त्याला इंग्रजी शब्द आठवेना! शेवटी शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याने त्याला सांगितले, "इन्शुरन्स." मी विम्याचा कागद पुढे केला, त्याने शिक्का मारला, संपले. (आता हा शिक्काही राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने त्याच्या जागी छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकावर नोंद करण्याची पद्धत आली.)

तो छताकडे पाहत होता तो क्षण माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. इंग्रजी त्यालाही परकीच होती. त्याने ती शाळेत विषय म्हणूनच शिकलेली असणार, आपल्या मुलांसारखी. शब्द अडला म्हणून त्याला लाज वाटली नाही. शेजाऱ्याला विचारले आणि काम पुढे नेले.

विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तेथून शहराच्या मुख्य स्टेशनला लोकल गाडीने पंधरा मिनिटेही लागत नाहीत. अडचण होती तिकिटाच्या यंत्राची. पडद्यावर इतके पर्याय की कोणता दाबावा कळेना. मागे उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंना आम्ही इंग्रजीत विचारले. त्यांनी मान हलवली, त्यांना इंग्रजी मुळीच येत नव्हते. पत्नीने वही उघडून मुख्य स्टेशनचे नाव वाचले, "हाउप्टबानहोफ", आणि दोन बोटे वर केली. बाईंनी यंत्रावर चार बटणे दाबली, आम्ही पैसे टाकले, तिकीट बाहेर आले. "डांके," पत्नी म्हणाली. "बिट्टे, बिट्टे," म्हणत बाईंनी तिच्या साडीच्या काठाला कौतुकाने हात लावला. फलाटावर जाताना तिकीट तपासणारे कोणी नाही, फाटकही नाही. तपासनीस अधूनमधून डब्यात येतो आणि विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड होतो.

हॉटेलची खोली दुपारी तीननंतर मिळणार होती. सामान तेथे ठेवून आम्ही एका बाकावर तिखट पुऱ्या खाल्ल्या आणि पायी गोएथे या महाकवीचे घर पाहायला गेलो. त्याचा जन्म याच घरात १७४९ साली झाला. आजीने दिलेले बाहुल्यांचे नाट्यगृह तेथे ठेवलेले आहे. मार्च १९४४ मधील बॉम्बहल्ल्यात हे घर उद्ध्वस्त झाले. सामान आधीच सुरक्षित जागी हलवलेले असल्यामुळे वाचले. युद्ध संपल्यावर घर पूर्वी होते तसे पुन्हा बांधले गेले आणि १९५१ मध्ये लोकांसाठी उघडले.

आपला या घराशी एक संबंध आहे. कालिदासाचे 'शाकुंतल' सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात इंग्रजीत आणले, ते १७८९ साली छापले गेले. त्यावरून गेओर्ग फॉर्स्टर याने १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले. ते वाचून गोएथे इतका भारावला की त्याने शकुंतलेवर कविता लिहिली. आपल्यापासून ५५ किलोमीटरवरच्या उज्जैनीचे गुण गाणारा कालिदास भाषांतराच्या भाषांतरातून फ्रँकफर्टच्या या कवीपर्यंत पोहोचला. याच जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या शाखा असाव्यात, असे प्रतिपादन केले होते. जर्मनही त्याच कुळातली. पत्नीच्या वहीत अंक लिहिलेले होते: द्राय, आख्ट, नॉइन. त्यांच्या शेजारी मी तेथेच बसून लिहिले: त्रि, अष्ट, नव. नावाला तर जर्मनमध्ये 'नामे'च म्हणतात.

आणखी एक गंमत त्या वहीतूनच कळली. जर्मन भाषेत मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. हिंदीत दोनच आहेत, आणि इंग्रजीत वस्तूंना लिंगाची भानगडच नाही. आपली इंदूरची मुले हिंदीच्या प्रभावाने 'माझी पुस्तक' आणि 'दही चांगला आहे' असे बोलतात आणि मराठीच्या बाई त्यांना टोकतात. बाई टोकतात ते बरेच करतात! तो, ती, ते सांभाळणाऱ्या मुलाला जर्मन शिकताना ही कल्पना नवी वाटणार नाही. कोणता शब्द कोणत्या लिंगाचा हे मात्र पाठच करावे लागते, कारण जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी आहे. हे ऐकून पत्नी म्हणाली, "आपणही 'ते पोरगं' म्हणतोच की."

संध्याकाळी रोमरबेर्ग चौकात बसलो. तेथील लाकडी चौकटींची सुंदर घरेही युद्धात जळाली होती आणि १९८० च्या दशकात पुन्हा उभारली गेली. फ्रँकफर्ट ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे, इंदूर पावणेतेवीसवर. त्यामुळे मे अखेरीस तेथे सूर्यास्त सव्वानऊनंतर होतो. उजेड असताना झोपायला जायचे पत्नीच्या जिवावर आले होते, पण डोळे मिटत होते.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. इंग्रजी आली पाहिजे, त्यात दुमत नाही. व्हिसाचा अर्ज, विमानातील सूचना, हॉटेलचे आरक्षण, सगळीकडे आम्हाला ती लागली. पण ती चांगली शिकण्यासाठी मराठी आणि हिंदी सोडावी लागत नाही. आम्हाला त्या दिवशी व्याकरणापेक्षा जास्त उपयोगी पडले ते न घाबरता विचारणे. मुलांना ती सवय लावणे हे आमचे काम आहे. म्हणून परत आल्यावर आठवड्यातून दोन तास फक्त तोंडी इंग्रजीचे ठेवले आहेत. त्या तासाला वही उघडायची नाही आणि कोणी चुकले तर हसायचे नाही.

पत्नीची जर्मन शब्दांची वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. तिची शेवटची वीस पाने कोरी आहेत. ज्यांना त्यात भर घालायची असेल त्यांनी ग्रंथपालांकडे मागावी.