खिडकीखालच्या पन्न्या

आमच्या तिगावात समुद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा कसा मोजतात हे मी नववीच्या वर्गात सांगू लागलो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपला काय संबंध?"

मी नकाशा लावला. पांढुर्ण्याची जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. मुलताईकडून निघालेली वर्धाही पुढे वैनगंगेलाच भेटते. दोघींची प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आपल्या नाल्याने यातली कुठलीही वाट धरली तरी मुक्काम एकच. तिथं पोचलेलं प्लास्टिक कुजत नाही. उन्हाने, लाटांनी त्याचे बारीक बारीक तुकडे होत जातात.

मग १९८६ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी २,८०० स्वयंसेवक जमवले. त्यांनी कचरा नुसता उचलला नाही, एकेक वस्तू तक्त्यावर लिहिली. ती पद्धत पुढे जगभर गेली आणि सप्टेंबरचा तिसरा शनिवार त्यासाठी ठरला. आपल्या देशातही २०२२ साली ७५ किनाऱ्यांवर ७५ दिवस मोहीम चालली. झाडलं की जागा स्वच्छ होते. मोजलं की कचरा कोणाचा ते कळतं.

शनिवारी शाळेमागच्या नाल्याकाठी शंभर मीटर दोरी ताणली. तक्त्यात रकाने पाडले: बाटली, पन्नी, चिप्सचं पाकीट, शाम्पूचा पाऊच. मराठी की हिंदी हा वाद झालाच नाही; पन्नी दोन्हीकडे पन्नीच. थोड्या वेळाने एका मुलाने विचारलं, "सर, खर्ऱ्याची पन्नी कुठं लिहू?" मी वेगळा रकाना पाडायला सांगितला.

दोरीचं दुसरं टोक माझ्या खोलीच्या खिडकीखाली आलं होतं. तिथं एक मुलगी वही घेऊन थांबली. "सर, ह्या बी मोजायच्या का जी?"

त्या पन्न्या माझ्याच होत्या. मधल्या सुट्टीत दार लोटून खर्रा खायचा आणि पन्नी खिडकीतून टाकायची, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. कोणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत. पण त्या क्षणी एकही मूल माझ्याकडे पाहत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तेवढा भाग दोरीबाहेर आहे," हे वाक्य ओठांवर आलं होतं. ते गिळून म्हणालो, "मोज."

सोमवारी प्रार्थनेनंतर तक्ता मीच वाचला. सर्वांत मोठा आकडा खर्ऱ्याच्या रकान्यात होता. "त्यातल्या खिडकीखालच्या माझ्या," एवढं म्हणताना आवाज बसला. कोणी हसलं नाही.

खर्रा सुटला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. कमी झाला आहे. पन्नी मात्र आता खिशात घालून घरी नेतो. परवा तीच मुलगी विचारत होती, पुढच्या वर्षी कुठून मोजायचं?

"खिडकीखालून सुरू करू," मी म्हटलं.