कौन आई, टीचर?

दुसरीच्या वर्गात मी मराठीचे पहिले कार्ड वर धरले आणि मोठ्याने वाचले, ‘आई’. मराठी शिकवायची तर सुरुवात दुसऱ्या कुठल्या शब्दाने करणार? मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, ‘‘कौन आई, टीचर?’’ आणि अख्खा वर्ग दाराकडे बघू लागला.

मी बी.एड. आहे. पाठ टाचण काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण ते शिक्षण मोठ्या वर्गांसाठीचे. सात वर्षांच्या उर्दू माध्यमाच्या मुलाला ‘आई’ म्हणजे ‘आली’ वाटते, हे तिथे कोणी सांगितले नव्हते. खरे तर मला स्वतःला ते आठवायला हवे होते. मीही अशाच शाळेतून आलेली.

कार्डे मी जुन्या लग्नपत्रिकांची करते. जाड कागद, मागची बाजू कोरी. कापण्याआधी ७८६ आणि बिस्मिल्लाचा भाग वेगळा काढून उंचावर ठेवावा लागतो, कारण कार्ड मुलांच्या हातून जमिनीवर पडणारच. उरलेल्या तुकड्यांवर ठसठशीत अक्षरांत मी, माझा, हा, ही, हे, आहे, नाही, आणि, इथे, कोण. हे शब्द प्रत्येक वाक्यात येतात. मूल दर वेळी ‘आ... हे’ असे फोडत बसले, तर वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचताना सुरुवात विसरते. ते नजरेसरशी ओळखता आले पाहिजेत.

आमची मुले यात मागे नसतात. उर्दूत जेर-जबर सहसा लिहीत नाहीत. शब्दाचा चेहरा बघूनच तो ओळखायचा असतो. वाक्याची बांधणीही सारखीच. ‘मेरा नाम’ला ‘माझे नाव’ केले आणि ‘है’च्या जागी ‘आहे’ ठेवले की झाले. अडते ते दुसरीकडे. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. त्यामुळे ‘हा माझा घर आहे’ आणि ‘ही माझी पुस्तक आहे’ अशी वाक्ये मी किती तपासली याची गणती नाही. काही जण शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढतात. मी ओढू देते. रेघ सरळ आली म्हणजे झाले.

आणि मग ते ओळखीचे, पण फसवे शब्द. ‘पेटी खाली आहे’ म्हटले की मुले म्हणतात, पेटीत काहीच नाही. ‘माझे दप्तर’ म्हटले की हसतात. एवढ्याशा पोराचे कसले ऑफिस? ‘तालीम’ तर मी कार्डावर घेतलेलीच नाही. आमच्याकडे ती घ्यायला शाळेत जातात, गल्लीतल्या तालमीत मात्र पैलवान जोर काढतात.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. आमची बहुतेक मुले मशिदीत कायदा पढतात. हिज्जे करून, सुरात, सुंदर पढतात. अर्थ पुढे कधीतरी कळेल, असे तिथे सगळेच धरून चालतात, आणि त्यात काही गैर नाही. पण तीच सवय माझ्या तासाला येते. मूल ‘कमल इथे आहे’ घडाघडा वाचते आणि ‘कुठे आहे?’ विचारले की माझ्या तोंडाकडे बघते. वाचणे म्हणजे कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगते आहे, हे त्याच्या गावीही नसते.

मुलांचे कशाला, माझ्याही नव्हते.

एका वर्षी वर्गात एक अबोल मुलगी होती. आजी विड्या वळायची, वडील गाडीवर. मी फळ्यावर ‘आई घरी ____’ असे लिहून रिकामी जागा भरायला सांगितले होते. कार्डे समोर मांडलेली. सगळ्यांनी ‘आहे’ उचलले. तिने ‘नाही’ लिहिले. मी लाल शाईने फुली मारली आणि वर ‘आहे’ लिहून दिले. उद्या दहा वेळा लिहून आण, असेही म्हटले. तिने आणले. दहा वेळा, स्वच्छ अक्षरात: आई घरी आहे.

पुढच्या आठवड्यात आजी दाखल्यासाठी शाळेत आली. बोलता बोलता म्हणाली, ‘‘क्या बोलूं बेटी, बहू रमजान के पहले से मायके में बैठी है, गुलबर्गे में.’’

मी स्टाफरूममध्ये येऊन तिची वही काढली. फुली तिथेच होती. लाल शाई खोडरबराने जात नाही; मी घासून पाहिले, कागद मात्र फाटला. वर्षभरात त्या वर्गातल्या कुणी स्वतःचे म्हणून लिहिलेले ते पहिले खरे वाक्य असेल.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ बोलावले. माफी कशी मागावी सुचेना. म्हटले, ‘‘तुझे वाक्य बरोबर होते. माझेच चुकले.’’ ती काही बोलली नाही. मग तिने कार्डांच्या ढिगातून ‘आई’ आणि ‘आहे’ काढले, मध्ये बोटभर जागा सोडली आणि विचारले, ‘‘टीचर, गुलबर्गा मराठी में कैसे लिखते?’’

सरकारदरबारी त्या गावाचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले आहे, आमच्या सोलापूरच्या घरांत ते अजून गुलबर्गाच. दुसरीच्या मुलीला हा शब्द कोणी देत नाही. त्यात रफार, आणि ‘गुलबर्ग्याला’ केले की जोडाक्षरावर रफार. मी नवीन कार्ड कापले आणि लिहून दिले. तिने बराच वेळ निरखले. र आधी ऐकू येतो, मग तो ग्याच्या डोक्यावर का बसतो, असे तिने विचारले. मला नीट उत्तर देता आले नाही. तिने पाटीवर तो तीनदा चुकवला, चौथ्यांदा बरोबर बसवला, आणि घंटा झाल्यावर कार्ड परत न देता दप्तरात ठेवले.