तिसऱ्यांची टोपली आणि उपग्रह

आम्ही कोकणातल्या खाडीकाठचे मुसलमान. शाफई असल्यामुळे तिसऱ्या, कालवं, शिनाणे आमच्या दस्तरखानावर बिनदिक्कत येतात. घाटावरच्या हनफी मंडळींना त्याचं नवल वाटतं. हातात मासळीपुरते पैसे नसले की आमच्या आया-बहिणी ओहोटीला टोपली घेऊन खाडीत उतरतात. संध्याकाळच्या सालनाची सोय होते.

पण हे अन्न नेहमीच निर्धोक असतं असं नाही. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. शिंपल्यातला जीव पाणी गाळून पोट भरतो आणि ते विष त्याच्या मांसात साठतं. खाणाऱ्याचे ओठ, जीभ बधिर होतात. विष जास्त असेल तर श्वास थांबतो. ते शिजवून जात नाही, चवीला-वासालाही कळत नाही. १९८१मध्ये तामिळनाडूत असे शिंपले खाऊन ३ माणसं दगावली, १९९७मध्ये केरळात विळिंजमला शिनाणे खाऊन ७.

हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था २०२१पासून उपग्रहाच्या मदतीने शेवाळ कुठे माजलंय याची माहिती देते. केरळचा किनारा, मन्नारचं आखात, ओडिशातलं गोपाळपूर आणि अरबी समुद्राचा ईशान्य भाग यांवर तिचं विशेष लक्ष असतं. काम मोलाचं आहे. पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, विष दिसत नाही. पाणी हिरवं करणारं, रात्री निळं चमकणारं नॉक्टिल्युका शिंपल्यांत हे विष भरत नाही. उलट, पाण्याचा रंग न बदलताही दुसरं एखादं शेवाळ ते भरून ठेवतं. पावसाळ्यात तर ढगांमुळे रंगही दिसेनासा होतो.

खात्री होते ती शिंपल्याचं मांस प्रयोगशाळेत तपासल्यावरच. युरोपच्या बाजारात किलोभर मांसात हे विष ८०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे मोजायचं कसं, हे जगाला ठाऊक आहे. पण आमची टोपली कुठल्याच बाजारात जात नाही, सरळ चुलीवर जाते. तिचं मोजमाप कोण करणार?

आमची मागणी मोठी नाही. खाडीतले चार शिंपले ठरलेल्या दिवशी तपासले जावेत आणि धोका असेल तर गावाला कळवावं. पुढचं आम्ही पाहू. मयतीची खबर जमातीकडून तासाभरात घरोघर पोचते. मयत टाळणारी खबरही तितक्याच लवकर पोचेल.