थवा

एकटा मासा ओळखणं सोपं. तो हातात येतो, मिशा आहेत की नाहीत ते बघता येतं, खवले मोजता येतात. थवा हातात येत नाही. तो पाण्यावरून ओळखावा लागतो.

वाईला कृष्णेच्या घाटावर हे आम्हाला एका म्हाताऱ्या भोयांनी शिकवलं. आम्ही पोरं त्यांना तात्या म्हणायचो. बांबूची काठी, दोरा आणि गळाला गांडूळ एवढ्यावर आम्ही पायरीवर बसायचो. ते पाग खांद्यावर टाकून नुसते उभे असायचे. "मासा नगं हुडकू, पानी बघ," म्हणायचे.

आणि पाणी हळूहळू दिसू लागायचं. आभाळ कोरडं असताना सांजवेळी डोहावर भुरभुर पडल्यागत बारीक वर्तुळं उठतात, ती अळकुटी. बोटाच्या पेराएवढा रुपेरी जीव, पण शेकडोंनी फिरतो. तळच्या धोंड्यांवर काहीतरी लकाकून विझतं, तो मळ्या. खडकावरचं शेवाळ खरवडताना कूस वळते आणि पोटाची पांढरी बाजू उजेडात येते. गोट्यांवरून पाणी खळाळतं तिथे प्रवाहाकडे तोंड करून उभी असतात ती खडशीची पिल्लं. मोठी झाल्यावर खडशी खोल पाणी धरते.

मरळीचा थवा वेगळाच. शेवाळातून शेंदरी रंगाचा गोळा वर येतो, क्षणभर हवा घेतो, पुन्हा बुडतो. ती तिची पिल्लं. खाली आईबाप राखणीला असतात. तिथे तात्यांचा पाग कधी पडला नाही. "ल्हान हायत," एवढंच म्हणून ते पुढे जायचे. मला वाटतं, मासेमारीचा सगळा कायदा त्या दोन शब्दांत होता.

माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची रेघ असते. पाण्यातला हलकासा धक्काही तिला कळतो. शेजारचा वळला की हाही वळतो, आणि शिकाऱ्याला त्या गर्दीत एकावर नेम धरता येत नाही. हे मी फार पुढे वाचलं. त्याआधी गुडघाभर पाण्यात उभा असताना थवा माझ्या पायांशी दुभंगला होता, पलीकडे जाऊन पुन्हा एक झाला होता, आणि माझ्या पोटऱ्यांना काही म्हणता काही लागलं नव्हतं. इतक्या जवळून इतकं जिवंत काही मला परत भेटलेलं नाही.

तात्या गेले. आता त्याच पायरीवरून मला थवा दिसत नाही. वाळू उपसली तशी अंडी घालायची जागा गेली, बंधाऱ्यांनी माशांची पावसाळ्यातली चढण अडवली, गावोगावचं सांडपाणी नदीत आलं. 1952 साली भारतात आणलेला तिलापिया, आमचा चिलापी, साचलेल्या पाण्यात खुशाल वाढतो. मेलेला मासा पोट वर करून तरंगतो, त्याची बातमी होते. थवा मात्र प्रेतही मागे न ठेवता जातो, म्हणून त्याचं सुतक कुणी धरलं नाही.

कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली, तेव्हा अनेक नावं इथलीच घेतली: अळकुटी, मळ्या, खुद्री म्हणजे आमची खडशी, कोळस. जगभरच्या संग्रहालयांतल्या बाटल्यांवर ही नावं शाबूत राहतील. बाटलीत मासा राहतो, थवा राहत नाही.

महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत मात्र तो मी पाहिला. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथे त्यांना कुणी हात लावत नाही. खाऊ टाकला की खडशी झुंडीने वर येतात, काळ्याभोर पाठी एकमेकींवर घासतात. मी काठावर बसून ढसाढसा रडलो. कृष्णेच्या आमच्या काठावरही देवळं कमी नाहीत. दर सणाला दिवे सोडतो, ओटी भरतो, नदीला आई म्हणतो. मग त्या आईच्या अंगावर खेळणाऱ्या अळकुटीला एकाही देवाची आण आम्ही का घातली नाही, हा राग माझ्या मनातून जात नाही.